उजव्या आरशातली मामी

माझी मामी कुणालाही निरोप देताना हात हलवायची नाही. ती थाप मारायची, आणि तीही दोनदा. पाहुण्यांची रिक्षा दारातून निघाली की रिक्षाच्या पत्र्यावर धाड धाड. दूधवाल्याच्या मोटारसायकलच्या सीटवर धाड धाड. दोन थापा म्हणजे 'चल' आणि एक थाप म्हणजे 'थांब'. जेवताना पुरे झालं असं तिला तोंडाने कधी म्हणावं लागलं नाही. ताटाशेजारी फरशीवर एक थाप पडली की वाढणाऱ्याचा हात जागच्या जागी थांबायचा. मी कॉलेजच्या पहिल्या दिवशी दप्तर घेऊन उंबऱ्यात नुसतीच उभी होते, बाहेर पाऊल पडत नव्हतं. तेव्हा माझ्या पाठीत दोन थापा बसल्या आणि मी थेट रस्त्यावर पोचले.

ही भाषा ट्रकची आहे. ट्रक मागे घेताना किंवा अरुंद जागेतून काढताना क्लीनर खाली उतरतो आणि गाडीच्या अंगावर थापा मारून ड्रायव्हरला सांगतो. इंजिनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, थाप येते. मामी ही भाषा मामाच्या ट्रकवर शिकली होती आणि मग घरात, गल्लीत, लग्नकार्यात सगळीकडे तीच बोलायची.

मी मूळची कोयनानगरच्या अलीकडच्या एका लहान गावातली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे कॉलेज म्हणजे काय, तिथे कुठे उभं राहायचं, कुणाला काय विचारायचं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. सांगलीला विश्रामबागेत मामाचं घर होतं म्हणून वडिलांनी मला तिथे ठेवलं. दोन खोल्या, पुढे ओटा आणि शेजारच्या मोकळ्या जागेत ट्रक. मामी मला नावाने क्वचित हाक मारायची. "ए कालेज, चहा घे." "कालेज, लाइट घालव." मी काही बोलायला लागले आणि मध्येच अडखळले तर म्हणायची, "कालेज पंक्चर झालं बग."

ट्रकला घरात 'थोरली' म्हणत. कारण मामाने पहिला ट्रक घेतला तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. म्हणजे घरात ट्रक आधी आला, मामी नंतर. लग्नानंतर मामा गमतीने ट्रकला थोरली म्हणायला लागला आणि मामीला धाकटी. पुढे तो ट्रक विकून दुसरा घेतला, पण थोरलेपण नव्या ट्रककडे आपोआप गेलं. मामीला त्याचा राग नव्हता. मामा घरी उशिरा आला की ती त्याला काही विचारायची नाही, ओट्यावरूनच ट्रककडे बघून म्हणायची, "काय आक्का, कुठं फिरवून आणलं आमच्या मालकांस्नी?"

ती ट्रकवर कशी गेली याची गोष्ट ती स्वतः फार रंगवून सांगायची. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. हळदीची पोती घेऊन हुबळीला जायचं होतं आणि क्लीनर ऐन वेळी सासुरवाडीला पळाला. मामा डोक्याला हात लावून बसला होता. मामी म्हणाली, "मी येती की." मामा म्हणाला, "आन घर?" ती म्हणाली, "घर काय पळून जातंय व्हय? त्याला कुठं चाकं हायत?" त्या एका खेपेला म्हणून ती गेली आणि मग जातच राहिली. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा रस्ता बरा, असं तिचं म्हणणं. इतकी वर्षं ती ट्रकच्या डाव्या सीटवर बसली. टायर बघायची, काच पुसायची, ताडपत्री ओढायची, खाली उतरून डावी बाजू दाखवायची आणि थापा मारायची. निपाणीच्या पलीकडे गेल्यावर चहावाल्याशी चार शब्द कानडीही बोलायची. पण स्टेअरिंगला तिने हात लावला नव्हता. तो तिचा प्रांत नाही, असं तिलाही वाटायचं.

मामाचं शिक्षण जुन्या पद्धतीचं. तो मिरजेच्या एका उस्तादाकडे क्लीनर म्हणून राहिला आणि पहिली काही वर्षं त्याने फक्त गाडी धुतली. उस्ताद झोपला की चोरून स्टेअरिंगवर बसायचं, तो जागा झाला की मार खायचा. त्या मारातून जो उरला तो ड्रायव्हर. मामाला याचा मोठा अभिमान. "ड्रायव्हर शाळंत तयार हुत न्हाई," तो म्हणायचा, "तो शिव्यांत तयार हुतो." मामी लगेच म्हणायची, "मग मी कवाच तयार झाली. तुमच्या समद्या शिव्या मला पाठ हायत."

मी पहिल्या वर्षाला असताना मामाच्या लायसन्सच्या नूतनीकरणाची वेळ आली. डॉक्टरांनी डोळे तपासले. साखरेच्या आजारामुळे डाव्या डोळ्याची नजर बरीच गेली होती. मामा डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, मला एका डोळ्यानं बी कोल्हापूर दिसतंय." डॉक्टर हसले, पण सही काही त्यांनी केली नाही. मामा घरी आला, थोरलीच्या बोनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि मग जेवायला बसला. त्या दिवशी मामीने फरशीवर थाप मारली नाही. पुरे म्हणायलाही विसरली.

मग एक पगारी ड्रायव्हर ठेवला. तो गाडी आदळायचा, गिअर कुरकुरवायचा. तो आवाज आला की मामी स्वयंपाकघरात दात दाबून धरायची, जणू तिचीच दाढ कुणी ओढतंय. विट्याचे एक गृहस्थ ट्रक विकत घ्यायला अधूनमधून येऊ लागले. ते थोरलीच्या टायरांना बुटाने टोचून बघायचे, ते मामीला मुळीच आवडायचं नाही. शेवटी एकदा ते गेल्यावर मामी मामाला म्हणाली, "आवं, आक्काला इकू नगा. मी चालवती."

मामा हसला. इतका हसला की त्याला ठसका लागला. मामीने त्याच्या पाठीवर थापा मारल्या. किती मारल्या ते मोजलं नाही.

आम्ही दोघी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चौकशीला गेलो. मला तिने बरोबर नेलं, कारण "इंग्रजी आलं तर तू वाच." खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते. टेबलामागच्या सरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "हिला स्कूटी शिकायचीय का?" मामी म्हणाली, "न्हाई. मला ट्रक शिकायचाय." सरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी काय काय लागतं ते सांगितलं. आधी लहान गाडीचं लायसन्स काढायचं. ते हातात येऊन वर्ष झालं की जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स. डोळ्यांची, तब्येतीची तपासणी. शाळेत वर्ग, यंत्रावरचा सराव, मग प्रत्यक्ष गाडी. शेवटी मैदानावरची चाचणी. मामीने हळूच विचारलं, "मी सातवी शिकलीया. पूर्वी आठवी लागायची म्हनं." सर म्हणाले, "ती अट आता गेली."

परत येताना मामी चौकात आल्यावर म्हणाली, "त्यांनी उस्ताद कोन हाय, ते इचारलंच न्हाई." मला तेव्हा ते नीट कळलं नव्हतं. नंतर विचार करताना वाटलं, मामाच्या काळात ड्रायव्हर होण्याची एकच वाट होती आणि ती उस्तादाच्या मागून जायची. कुठला उस्ताद बाईला क्लीनर म्हणून ठेवणार होता? मामीने क्लीनरचं सगळं काम केलं, पण ते बायकोचं काम म्हणून जमा झालं. नवे नियम आल्यावर मामा करवादला होता, की आता ड्रायव्हरला पण वर्गात बसवणार. पण त्याच वर्गाचं दार मामीसाठी उघडं होतं. हे मी बरोबर सांगतेय की नाही, मला माहीत नाही. पण मला तसं वाटलं.

लहान गाडी शिकताना तिची फार फजिती झाली. तिला ती गाडी म्हणजे जत्रेतलं खेळणं वाटायचं. शिवाय तिच्या डोक्यात गाडी म्हणजे ट्रकच. डावीकडे वळायचं असलं की ती आधी ती चिमुकली गाडी पार उजवीकडे न्यायची आणि मग मोठा फेरा मारून वळवायची, जणू मागे पोत्यांनी भरलेला लांबलचक हौदा आहे. शिकवणारे सर ओरडायचे, "मामी, एवढी जागा कशाला?" ती म्हणायची, "मागचं चाक चढंल की फूटपाथवर!" सर म्हणायचे, "मागचं चाक तुमच्या पाठीलाच आहे." तिला ते पटायला बरेच दिवस लागले.

वर्ष सरलं आणि ती ट्रकच्या वर्गात जाऊन बसली. सगळी पोरं विशीतली. पहिल्या आठवड्यात पोरं तिला 'मॅडम' म्हणत होती, दुसऱ्या आठवड्यात सगळा वर्ग तिला 'मामी' म्हणू लागला. ती डब्यातून थालीपीठ न्यायची. वर्गात एक यंत्र होतं. त्यात बसायला सीट, हातात स्टेअरिंग, पायात क्लच-ब्रेक आणि समोर मोठ्या पडद्यावर खोटा रस्ता. मामी पहिल्यांदा त्यावर बसली आणि पडद्यावर एक गाय आडवी आली. मामीने ब्रेक दाबला, तो बरोबर दाबला. पण सवयीने डावीकडच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून "हाल की गं ए!" असं ओरडायला गेली. तिथे खिडकी नव्हती. यंत्राचा पत्रा होता. कपाळाला टेंगूळ घेऊन ती घरी आली. मामाने विचारलं, "शाळंत मास्तरानं मारलं काय?" ती म्हणाली, "न्हाई. गाईनं."

आज मागे वळून बघताना वाटतं, त्या दिवशीच आम्हाला कळायला हवं होतं. तिने डोकं काढलं होतं ते डावीकडून. पण आम्ही हसण्यातच राहिलो.

एकदा ती वर्गातून तणतणत आली आणि चप्पल न काढताच मामासमोर उभी राहिली. "उतारावर गाडी न्यूट्रल करायची नसती, हे ठावं हाय का तुमाला?"

मामा पेपर वाचत होता. म्हणाला, "डिझेल वाचतं गं."

"डिझेल वाचतं! आन मानूस? ब्रेक तापून हातचा गेला तर गाडी कोन थांबवंल, तुमचा उस्ताद? कुंभार्ली घाट इतकी वर्सं तुमी न्यूट्रलवर उतरलासा, आन मी शेजारी बसून रेवड्या खात हुती! हसत हुती वर!"

मामा पेपरच्या आडून म्हणाला, "काय झालं का पर कवा?"

"झालं न्हाई म्हनून तर इचारतीया." असं म्हणून ती आत गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन पुन्हा म्हणाली, "रेवड्या!" त्या दिवसापासून मामाने तिच्या शाळेची चेष्टा कमी केली. एकदा तर वर्गात शिकवतात तशी गाडीभोवती फेरी मारून प्रत्येक चाक, दिवा तपासताना तो मला दिसला. मला बघून म्हणाला, "उगाच पाय मोकळं करतोय."

विट्याचे गृहस्थ त्या वर्षी पुन्हा आले आणि म्हणाले, दसऱ्याचा मुहूर्त चांगला आहे, त्या दिवशी गाडी नेतो. पगारी ड्रायव्हर सोडून गेला होता, थोरली नुसती उभी होती. मामाने मामीकडे बघितलं. मामी म्हणाली, "दसऱ्यापातूर मला लायसन मिळालं तर गाडी जायाची न्हाई. न्हाई मिळालं तर मीच हार घालून लावून दीन." ते गृहस्थ मोठ्याने हसले आणि बरं म्हणाले. म्हणजे सगळं त्या चाचणीवर आलं.

चाचणीचं मैदान नवं होतं. पट्टे मारलेले, खांब उभे केलेले, कॅमेरे लावलेले. मी आणि मामा कुंपणाबाहेर उभे होतो. मामीने इंग्रजी आठच्या आकारातून गाडी सुरेख काढली. चढावर थांबवून पुन्हा उचलताना गाडी जराही मागे सरकली नाही. मामा माझा दंड दाबून म्हणाला, "बग, बग, माझ्या शेजारी बसून शिकलीया." मग गाडी मागे घेऊन दोन खांबांच्या ओळींमध्ये लावायची होती. मामीने गिअर टाकला. डावी बाजू खांबांपासून हातभर अंतर राखून अशी सरळ मागे आली, की रेघ मारावी. आणि उजवीकडचे खांब एकेक करून आडवे झाले.

ती एकदाही उजवीकडे बघत नव्हती. इतकी वर्षं डाव्या सीटवर बसून, डावीकडे उतरून, तिने फक्त डावी बाजू सांभाळली होती. उजवी बाजू मामाची होती. तिच्यासाठी ट्रकला उजवी बाजूच नव्हती.

गाडीतून उतरून ती तिथल्या साहेबांना म्हणाली, "साहेब, डावी बाजू तर बगा किती झ्याक आलीया!" साहेब भला माणूस होता. हसू दाबून म्हणाला, "मामी, डाव्या बाजूला शंभर मार्क. पण गाडीला दोन बाजू असतात. तयारी करून या पुन्हा."

घरी आलो. मामाने ओट्यावर बसून फोन हातात घेतला. विट्याला लावतोय हे आम्हाला कळलं. मामीने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. एकच. मामाने फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून घरात उजवीकडचं राज्य सुरू झालं. मामीने जाहीर केलं, "मला डावीकडनं हाक मारली तर मी ओ दिनार न्हाई." आणि ती खरंच देत नसे. चहा उजवीकडून द्यायचा. पदार्थ उजवीकडून वाढायचा. जेवताना मामा डावीकडे बसायचा, त्याला उठवून उजवीकडे बसवलं. शेजारच्या काकू कुंपणाच्या डाव्या बाजूने रोज हाका मारायच्या, त्या बिचाऱ्या रुसल्या. मग त्यांना कारण सांगितलं, तर त्या वळसा घालून पलीकडून यायला लागल्या. मामा म्हणाला, "इतकी वर्सं संसार केला, आन आता कळतंय मी हिच्या चुकीच्या अंगाला हुतो."

पण खरा सराव मार्केट यार्डात झाला. रविवारी यार्डाला सुट्टी असते, मोठं पटांगण मोकळं असतं. शाळेतले सर तिथून जवळच राहायचे. मामीच्या थालीपिठांचं ऋण म्हणा, पण ते सकाळी येऊन थोरलीच्या डाव्या सीटवर बसायला तयार झाले. मामाने रिकाम्या डब्यांच्या दोन ओळी मांडल्या. आणि मला काम दिलं ते मामीनेच शोधून काढलेलं. मी ट्रकच्या उजव्या बाजूला, मागे, लांब उभं राहायचं. पिशवीतून कुठलीही एक भाजी काढून वर धरायची. मामीने गाडी मागे घेत असतानाच उजव्या आरशात बघून भाजीचं नाव ओरडायचं. नाव चुकलं तर गाडी थांबवून पहिल्यापासून.

पहिल्यांदा मी वांगं धरलं. मामी गाडी मागे घेत राहिली, एक शब्द नाही. उजवीकडचे डबे खडाखड पडले. सर डाव्या सीटवरून ओरडले, "मामी, भाजी!" ती ओरडली, "कसली भाजी? मी गाडी चालवतीया!" पुन्हा पहिल्यापासून. मी मुळा धरला. "काकडी!" पुन्हा. मी काकडी धरली. "मुळा!" पुन्हा. सुट्टी असूनही यार्डात चार-पाच हमाल पोत्यांवर टेकून बसले होते. ते उठून जवळ आले. त्यातला एक म्हणाला, "ए पोरी, दुधी धर की! एवढा तरी दिसंल." मला फार लाज वाटत होती. माझ्या वर्गातलं कुणी बघितलं तर, असं सारखं मनात येत होतं. पण मामी तिथे उन्हात, पदर खोचून, सगळ्यांदेखत चुकत होती आणि पुन्हा पहिल्यापासून करत होती. तिला काही वाटत नव्हतं. मग मीच का लाजायचं, असं वाटलं. मी दुधी दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

"दुधी!" मामी ओरडली. डबे जागच्या जागी उभे होते.

हमालांनी टाळ्या पिटल्या. मग तो खेळच झाला. मी गवार धरली, दोडका धरला, एकदा चुकून माझाच रुमाल धरला, तर मामी ओरडली, "रुमाल! आन मळलाय, धू!" त्यानंतरच्या रविवारी हमाल स्वतःच भाज्या घेऊन आले. एकाने आलं धरलं, एकाने नुसती मिरची. मामीने मिरचीही ओळखली. मामा पोत्यावर बसून हे सगळं बघत होता. त्याला लांबचं नीट दिसत नव्हतं, म्हणून शेजारच्या हमालाला विचारायचा, "बरोबर सांगितलं काय तिनं?" हमाल म्हणायचा, "एकदम बरोबर." मामा म्हणायचा, "व्हय रं, मला वाटलंच."

त्याच दिवसांत कॉलेजात माझं पहिलं सेमिनार होतं. वर्गापुढे उभं राहून बोलायचं. मी कधी बोलले नव्हते. हजेरीला मी म्हटलेलं 'येस सर'ही सरांपर्यंत पोचायचं नाही. फळ्यासमोर उभी राहिले आणि पहिलं वाक्य विसरले. खरं सांगते, मला डोक्यावर धरलेला दुधी आठवला. त्याहून जास्त कुणी काय हसणार, असं वाटलं आणि मी बोलायला लागले. फार चांगलं झालं नसेल. पण शेवटपर्यंत झालं.

फेरचाचणी दसऱ्याच्या आधी चार-पाच दिवस होती. आम्ही पुन्हा कुंपणाबाहेर. गाडी मागे यायला लागली तसा मामा म्हणाला, "मला सांग काय चाललंय." मी म्हणाले, "मामा, ती बघतेय." मामीची मान उजवीकडे वळलेली लांबूनही दिसत होती. एकही खांब हलला नाही. गाडी थांबली आणि मामीने खिडकीतून हात बाहेर काढून स्वतःच दारावर एक थाप मारली. मैदानावरचे साहेब दचकले. मामा मात्र रडत होता आणि मला सांगत होता, की डोळ्यात औषध घातलंय त्याचं पाणी आहे.

दसऱ्याच्या दिवशी विट्याचे गृहस्थ जीपमधून आले. थोरलीला झेंडूचा हार, काचेवर हळदकुंकू आणि ड्रायव्हरच्या जागेवर मामी, नवं लायसन्स घेऊन. ते म्हणाले, "वैनी, लावून देताय न्हवं गाडी?" मामी खाली उतरली. त्यांना आपट्याची पानं दिली, चहा दिला, हातात बळेच दोन बेसनाचे लाडू ठेवले. मग त्यांना जीपपर्यंत पोचवायला गेली आणि जीपच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. त्यांच्या ड्रायव्हरने ऐकताक्षणी गाडी काढली. पाव्हणे लाडू हातात घेऊन वळून बघत होते.

पहिल्या खेपेला मामा सवयीने उजव्या दाराकडे गेला होता. मामीने त्याला हाताने फिरवून डावीकडे नेलं. "तिकडनं. मी बसली तितकी वर्सं, आता तुमी बसा. काच पुसली का?" मामा म्हणाला, "पुसली." "टायर?" "बगितलं." "आन रेवड्या?" मामाने खिशातून पुडी काढून दाखवली.

माझं शेवटचं वर्ष संपलं आणि सांगलीचं घर सोडायची वेळ आली. पुढचं शिक्षण पुण्याला, पण त्याआधी गावी जायचं होतं. चिपळूणची खेप होती आणि आमचं गाव त्या वाटेवरच आहे. मामी म्हणाली, "यष्टीचं तिकीट कशापायी? थोरली हाय की." माझी पेटी पोत्यांवर बांधली आणि मी दोघांच्या मध्ये बसले. कराड गेलं, पाटण गेलं. मामा डावीकडून सांगत होता, "येऊ दे, येऊ दे, जागा हाय." मामी म्हणत होती, "दिसतंय मला. माझं डावं अंग पयल्यापासनं पक्कं हाय."

गावाच्या फाट्यावर ट्रक थांबला. मामाने पेटी उतरवली, मला जवळ घेतलं आणि वर चढून बसला. मी खाली उभी. वाटलं आता गाडी निघेल. पण गाडी निघेना. इंजिन सुरू, मामी स्टेअरिंगवर, नजर समोर. मी म्हणाले, "मामी, काय झालं?"

वरून आवाज आला, "थाप कोन मारनार?"

मी पुढे झाले आणि थोरलीच्या अंगावर हात टेकवला. दोनदा. मामीने मान वाकवून डावीकडून माझ्याकडे बघितलं. "काय गं कालेज, कोंबडी हाकलतीस काय? मोठ्यानं मार!"

मग मी मारल्या. सगळा जोर लावून. तळहात झिणझिणला. थोरली हलली, घाटाच्या दिशेने निघाली. मी धावत रस्ता ओलांडून उजव्या अंगाला गेले, जिथे तिच्या आरशात मी दिसेन. माझ्या हातात दाखवायला भाजी नव्हती, काहीच नव्हतं. गळ्यातली ओढणी होती, तिनेच मी डोळे पुसत होते. तीच काढून मी वर धरली.

ट्रक वळणापर्यंत गेला होता. उजव्या खिडकीतून मामीचा आवाज आला, इंजिनच्या वरून, घाटभर.

"ओढनी! पिवळी! आन रडू नगंस!"

पुण्याच्या कॉलेजात मी आता बोलते. अजून अडखळते, पण बोलते. मैत्रिणीची बस निघाली की नकळत पत्र्यावर दोन थापा मारते. ड्रायव्हर प्रत्येक वेळी गाडी काढतो.